मेजर बदलायचा, कॉलेज बदलायचं की आहे ते संपवून टाकायचं: फायनान्शियल एडच्या बाजूने बघितलं तर

माझ्या लेकीने सोफोमोर म्हणजे दुसऱ्या वर्षात, फेब्रुवारीत, फोनवर सांगितलं की आई मला इंजिनिअरिंग नको वाटतंय, म्हणजे जमतंय पण नकोय, मला पब्लिक हेल्थ करायचंय. नवऱ्याचा पहिला प्रश्न, पुढे नोकरी काय मिळणार. माझा पहिला प्रश्न, मग एडचं, म्हणजे शिक्षणासाठी मिळणाऱ्या पैशांच्या मदतीचं काय. (कोण जास्त रुक्ष ते तुम्हीच ठरवा.) आमचं एका पगाराचं घर आहे अमेरिकेत, त्यामुळे पेल ग्रँट (गरजू घरांना मिळणारी, परत न फेडायची सरकारी मदत), फेडरल लोन, कॉलेजची मेरिट स्कॉलरशिप आणि डिपार्टमेंटची एक छोटी स्कॉलरशिप असं चार ठिगळांचं पांघरूण होतं, आणि त्यातलं कुठलं ठिगळ कशाला शिवलंय हे आम्हाला तोवर माहीतच नव्हतं. तेव्हापासून ओळखीतल्या तीन घरांतून हाच प्रश्न आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय.

रस्ते तीनच: त्याच कॉलेजात मेजर, म्हणजे डिग्रीचा मुख्य विषय, बदलणं, दात-ओठ खाऊन आहे ती डिग्री संपवून मग आवडीचं शिकणं, किंवा कॉलेजच बदलणं.

त्याआधी एक गैरसमज. "मेजर बदलला की एड जाते" असं सगळे म्हणतात, ते तसं नाहीये. पेल आणि फेडरल लोन मेजरला चिकटलेले नसतात, फॅफ्सा, म्हणजे एडचा सरकारी अर्ज, त्यासाठी परत भरावा लागत नाही, केमिकलचं केमिस्ट्री केलं म्हणून कुणी पैसे काढून घेत नाही. जाते ती क्रेडिट्सच्या घड्याळामुळे. त्याला सॅप म्हणतात, म्हणजे अभ्यासात समाधानकारक प्रगती, आणि त्यात तीन गोष्टी बघतात. एक जीपीए, म्हणजे ग्रेड्सची सरासरी, दुसऱ्या वर्षाच्या शेवटी साधारण २.० हवाच. दोन वेग, जेवढी क्रेडिट्स घेतली त्यातली ६७ टक्के पास व्हायला हवीत, आणि इथे डब्ल्यू घेतलेला, म्हणजे मध्येच सोडलेला कोर्सही "घेतला" म्हणूनच मोजतात. तिसरी मेजर बदलणाऱ्यांची खरी वैरीण: डिग्री जेवढ्या क्रेडिट्सची त्याच्या दीडपटीच्या आत ती संपली पाहिजे. १२० ची डिग्री तर १८०. आणि हे १८० गाठल्यावर एड थांबते असं नाही, ज्या दिवशी गणितात दिसतं की आता १८० मध्ये हे बसणारच नाही त्या दिवशीच थांबते. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आता पहिला रस्ता, त्याच कॉलेजात मेजर बदलणं. कॉलेजच्या पोर्टलवर डिग्री ऑडिट असतं आणि त्यात "व्हॉट-इफ" नावाचा पर्याय असतो, तिथे नवा मेजर टाकला की आतापर्यंतचे कोर्सेस नव्या डिग्रीत कुठे बसतात ते दाखवतो. आम्ही स्प्रिंग ब्रेकमध्ये जेवणाच्या टेबलावर तो रिपोर्ट छापून हायलायटर घेऊन बसलो. घेतलेली क्रेडिट्स ५८. त्यातली ३७ बसली. उरलेली २१ पानाच्या तळाशी "फॉल थ्रू" असं लिहून एका चौकटीत टाकलेली, त्यात ते थर्मोडायनॅमिक्स पण होतं ज्याच्यासाठी पोरीने अख्खी थँक्सगिव्हिंगची सुट्टी घालवली होती, ती त्या चौकटीकडे बघतच बसली बिचारी. असो. हिशोब असा: १२० मधून ३७ गेले, उरले ८३. आधीचे ५८ आणि हे ८३ मिळून १४१. १८० च्या बरंच आत. म्हणजे सॅपचा धोका नाही, पण ८३ क्रेडिट्स चार सेमिस्टरमध्ये मावत नाहीत, पाच आणि एखादी समर धरावीच लागते. आणि कॉलेजची मेरिट होती ८ सेमिस्टरचीच. नवव्या सेमिस्टरला मेरिटचा वाटा आपल्या खिशातून. पेलला मात्र आयुष्यभरात १२ फुल-टाइम सेमिस्टर मिळतात, त्यामुळे ती नवव्यातही चालू.

इथे बदलाची दिशा फार महत्त्वाची आहे. इंजिनिअरिंगमधून सायकॉलॉजी, हिस्टरी, पब्लिक हेल्थकडे जाणं स्वस्त पडतं कारण त्या डिग्र्यांमध्ये मोकळ्या इलेक्टिव्ह्जची जागा भरपूर असते आणि जुने कोर्सेस तिथे ढकलता येतात. उलटं जाणं महाग. माझ्या चुलत नणंदेचा मुलगा हिस्टरीतून मेकॅनिकलला निघाला होता, ६० क्रेडिट्स झालेली, त्यातली १८ बसली. डिग्री १२८ ची, उरली ११०, एकूण १७०, आणि मर्यादा १९२. वरवर बघता २२ ची ऐसपैस जागा दिसते, पण कॅल्क्युलस एक झाल्याशिवाय दोन नाही, कॅल्क्युलसशिवाय फिजिक्स नाही, मध्ये एखादं नापास झालं की ती रांगच्या रांग एक सेमिस्टर मागे सरकते आणि दर वेळी चार क्रेडिट्स जागा खातात. शिवाय बऱ्याच पब्लिक युनिव्हर्सिट्यांत इंजिनिअरिंग, बिझनेस, नर्सिंगची फी वेगळी आणि जास्त असते, ग्रँट तेवढीच राहते. म्हणजे एड न जाताही खड्डा पडतो.

काही कॉलेजं नव्या मेजरमध्ये न बसणारी जुनी क्रेडिट्स या दीडपटीच्या हिशोबातून वगळतात, तशी त्यांना मुभा आहे, पण सक्ती नाही. तुमच्या कॉलेजची सॅप पॉलिसी वेबसाइटवर असते, दीड-दोन पानांची, ती खरंच वाचा.

आमची फजिती मात्र वेगळ्याच ठिकाणी झाली. फेडरल एड फक्त त्या कोर्सेसना लागू होते जे तुमच्या डिक्लेअर केलेल्या प्रोग्रॅममध्ये मोजले जातात. लेकीने उत्साहात फॉलला नव्या मेजरचे दोन कोर्स घेतले पण मेजर बदलायचा फॉर्म ॲडव्हायझरच्या सहीसाठी पडून होता, म्हणजे कागदावर ती अजून इंजिनिअरच. रजिस्टर केलेली क्रेडिट्स १५, त्यातली ६ इंजिनिअरिंगमध्ये कुठेच बसत नाहीत, उरली ९. फुल-टाइम धरतात १२ ला, म्हणून पेल ७५ टक्क्यांवर आली. २०२५-२६ ची पूर्ण पेल ७,३९५ डॉलर आहे, म्हणजे सेमिस्टरला ३,६९७ च्या आसपास, तिचे अशा वेळी २,७७३ होतात, ९२४ ची कात्री. आमची पेल मुळात अर्धवट त्यामुळे फटका लहान, पण बसला. आणि त्याआधी एड ऑफिसला फोन केला होता तर पलीकडच्या माणसाने "काही फरक पडत नाही" असं छान हसून सांगितलेलं. तेव्हा आधी फॉर्म, मग कोर्स, आणि ॲड-ड्रॉपची, म्हणजे कोर्स घ्यायची-सोडायची, तारीख संपायच्या आत.

डिपार्टमेंटची स्कॉलरशिप गेलीच, त्यावर वादच नाही, ती त्यांच्या मुलांसाठी असते. टीच ग्रँटवाल्यांनी (होऊ घातलेल्या शिक्षकांसाठीची फेडरल ग्रँट) तर जास्तच जपा: वर्षाला ४,००० पर्यंत मिळते पण बदल्यात ८ वर्षांत ४ वर्षं गरजेच्या शाळेत ठरलेला विषय शिकवायचा करार असतो, शिक्षकी सोडून दुसरीकडे वळलात आणि करार पुरा झाला नाही तर अख्खी ग्रँट कर्ज होते आणि व्याज पैसे मिळाले त्या दिवसापासून लागतं.

दुसरा रस्ता, आहे ते संपवून मग आवडीचं. आपल्या घरांमध्ये हाच सल्ला पहिला येतो, "एकदा डिग्री हातात येऊ दे मग काय ते कर". माझा नवरा अजूनही याच बाजूचा आहे. यात मेरिट शाबूत, डिपार्टमेंटची शाबूत, चार वर्षांत मोकळे. पण पुढचं गणित कुणी मांडत नाही. पहिली बॅचलर्स हातात पडली की पेल संपली, १२ पैकी ४ सेमिस्टर शिल्लक असली तरी ती विसरायची, दुसऱ्या बॅचलर्सला ती मिळत नाही. लोन मिळतं पण अंडरग्रॅडची एकूण मर्यादा तीच जुनी, आईवडिलांवर अवलंबून असलेल्या मुलाला ३१,०००, त्यातलं बरंचसं आधीच उचललेलं असतं. मास्टर्सला पेल नाहीच, फेडरल लोन वर्षाला २०,५०० आणि ते अनसब्सिडाइज्ड, म्हणजे शिकत असतानाच व्याज चढतं. त्याच्या वर पैसे लागले तर पूर्वी ग्रॅड प्लस होतं, ते २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद. म्हणून ज्या घरात पेल येते त्या घराला "आधी संपव मग बघू" हा रस्ता दिसतो तेवढा स्वस्त नाही. पेल येत नसेल, कॉलेजची मेरिट तगडी असेल आणि पुढचा विषय असा असेल की ज्याला मास्टर्स करावंच लागतं, तर मात्र हाच रस्ता घ्या, उगाच मेजर बदलून नववं-दहावं सेमिस्टर कशाला भरताय.

अजून एक. मन उडालेल्या विषयात मूल ढकलत राहिलं की ग्रेड्स घसरतात, आणि मेरिटला बहुतेक ठिकाणी जीपीए ३.० किंवा त्याच्या वर लागतो. एड वाचवायला मेजर बदलला नाही आणि जीपीएमुळे तीच एड गेली, असं एका ओळखीच्या घरात झालंय. सुवर्णमध्य म्हणून मायनर, म्हणजे जोडीचा दुय्यम विषय, चांगला, पण त्याचे कोर्स तुमच्या डिग्रीच्या इलेक्टिव्ह्जच्या जागेत बसले तरच, नाहीतर परत तेच "मोजले जात नाहीत" प्रकरण.

तिसरा रस्ता, कॉलेज बदलणं. याच्याबद्दल मी थोडक्यात लिहिते कारण आम्ही फार पुढे गेलो नाही. एड तुमच्याबरोबर प्रवास करत नाही, फॅफ्सात नव्या कॉलेजचा कोड टाकला की ते नव्याने पॅकेज बनवतात, आणि ट्रान्सफरवाल्यांना मेरिट सहसा फ्रेशमनपेक्षा कमीच मिळते. फायदा एकच पण मोठा: नवं कॉलेज जेवढी क्रेडिट्स स्वीकारतं तेवढीच दीडपटीत धरतं, आणि जीपीए बहुतेक ठिकाणी कोऱ्या पाटीवर सुरू होतो. ज्याचं जुन्या कॉलेजात सॅप पार बिघडलंय त्याला हा खरोखर दुसरा डाव आहे. पण पेलची वापरलेली सेमिस्टर आणि लोनची एकूण रक्कम मात्र मागे मागे येतेच, ती फेडरल खात्यात नोंदलेली असते. जानेवारीत बदलणार असाल तर जुन्या कॉलेजला स्प्रिंगची एड रद्द करायला आधी सांगा, एकाच सेमिस्टरला दोन ठिकाणी पेल चालत नाही आणि तो घोळ निस्तरेपर्यंत नवीन कॉलेजचं बिल तसंच उभं राहतं.

पालकांनी स्वतः पेरेंट प्लस, म्हणजे पालकांच्या नावावरचं फेडरल कर्ज, घेतलं असेल त्यांना इथे एक खाच आहे. १ जुलै २०२६ पासून त्याला एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० अशी मर्यादा आली. त्याआधीच त्या प्रोग्रॅमसाठी कर्ज घेतलेल्यांना जुने नियम जास्तीत जास्त ३ वर्षं चालतात, पण ती सवलत मूल ज्या प्रोग्रॅममध्ये होतं त्याला बांधलेली आहे. कॉलेज किंवा प्रोग्रॅम बदलायच्या आधी "आमची सवलत राहते का" हे लेखी विचारा.

समजा एड गेलीच, तर अपील करता येतं. नियमात घरातला मृत्यू, आजारपण, दुखापत आणि इतर विशेष परिस्थिती अशी कारणं आहेत, मेजर बदलल्याने दीडपट ओलांडली हे कारण ऐकायचं की नाही ते कॉलेज ठरवतं. पत्रात रडगाणं कमी आणि प्लॅन जास्त: काय बिघडलं, आता काय बदललंय, आणि ॲडव्हायझरच्या सहीचा सेमिस्टरवार तक्ता. मंजूर झालं की प्रोबेशनवर एड चालू होते आणि त्या तक्त्यातून एक कोर्स जरी मनाने बदलला तरी पुन्हा बंद होऊ शकते.

एफ-वन या स्टुडंट व्हिसावर आलेल्या मुलांना यातली फेडरल एड मुळातच नसते, त्यांचं दुखणं वेगळं. टीए-आरएशिप (शिकवण्यात किंवा संशोधनात मदतीची पगारी कामं) डिपार्टमेंटची असते, मेजर बदलला की ती तिथेच राहते, आय-२० हा व्हिसासाठीचा कॉलेजचा कागद बदलून घ्यावा लागतो, आणि स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) सोडून बाहेर गेलात तर त्या डिग्रीवर ओपीटीची, म्हणजे शिक्षणानंतर काम करायच्या परवानगीची, २४ महिन्यांची वाढीव मुदत मिळत नाही. तो हिशोब फीपेक्षा मोठा आहे.

तर माझं मत, मागितलं नसलं तरी. साठच्या आत क्रेडिट्स, पेल येतेय आणि नवी डिग्री मोकळी ढाकळी असेल तर आत्ताच आणि त्याच कॉलेजात बदला. नव्वदच्या पुढे गेला असाल तर संपवा, पेल असली तरी, कारण तिथून बदलताना तळाची ती चौकट फार मोठी निघते. सॅपच बुडालं असेल तर ट्रान्सफर. साठ ते नव्वदच्या मध्ये असाल तर व्हॉट-इफ रिपोर्ट काढल्याशिवाय कुणाचंही ऐकू नका, माझंही.

आमच्या लेकीने मेजर बदलला. दोन जनरल कोर्स उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजात केले, क्रेडिट्स ट्रान्सफर होतील असं रजिस्ट्रारकडून आधी ईमेलवर घेऊन. नवव्या सेमिस्टरसाठी नव्या डिपार्टमेंटच्या स्कॉलरशिपचा फॉर्म तिने भरलाय, उत्तर एप्रिलमध्ये येईल. नवरा त्या नवव्या सेमिस्टरला अजून "थर्मोडायनॅमिक्सचं सेमिस्टर" म्हणतो.