कोरांटीचं कुंपण: बेलापूरच्या अंगणासाठी घेतलेली सगळ्यात चांगली खरेदी

नवी मुंबईत बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये घरापुढच्या कुंपणासाठी मी कोरांटीची रोपं घेतली, त्याला आता बरीच वर्षं झाली. कुणी विचारलं, "ताई, कुंपणाला काय लावू?" तर मी दुसरं नाव घेत नाही. अट एकच घालते, कापणीचं वेळापत्रक पाळायचं. ते पाळलं नाही तर बारा महिने हिरवी झुडपं मिळतील, पण थंडीतली फुलं मिळणार नाहीत. आणि कोरांटी लावायची ती थंडीतल्या फुलांसाठीच.

ही वसाहत वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी आखली, १९८३ ते १९८६ या काळात. सात-सात घरं एका चौकाभोवती, आणि कुणाची भिंत कुणाच्या भिंतीला चिकटलेली नाही. त्यामुळे प्रत्येकाला घराभोवती थोडी तरी जमीन मिळाली. पुढे गरज वाढली तशा बऱ्याच जणांनी त्या जागेत खोल्या काढल्या. आमच्याकडे चौकाच्या बाजूची पट्टी सासूबाईंनी मोकळी ठेवली. तिथे त्यांना भिंत नको होती, लोखंडी जाळीही नको होती. चौकात खेळणारी मुलं दिसली पाहिजेत आणि भटकी कुत्री तुळशीपाशी येता कामा नयेत, एवढंच त्यांचं मागणं. कोरांटीही त्यांनीच सुचवली. कोकणात त्यांच्या माहेरी परसदारी कोरांटी होती आणि मार्गशीर्षात घरच्या फुलांच्या वेण्या व्हायच्या.

नर्सरीत गेलं की आधी समोर येतं ते पिवळ्या पानांचं ड्युरांटा. सोसायट्यांच्या कडेला सगळीकडे तेच दिसतं. वाढतं भराभर, पण सारखं कापावं लागतं, आणि फळं धरली तर ती विषारी असतात. चौकात लहान मुलं असताना मला ते नकोच होतं. एक्झोरा देखणा, पण वाढीला संथ. कोनोकार्पस तर कुणी फुकट दिला तरी घेऊ नका. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, कारण परागकणांचा त्रास आणि जमिनीखालच्या केबल-गटारांत घुसणारी मुळं. तगर, कामिनी दोन्ही छान, पण त्यांचा खरा बहर थंडीतला नाही. नोव्हेंबर ते जानेवारी, जेव्हा आपल्याकडे अंगणात बसावंसं वाटतं, तेव्हा भरभरून फुलणारं आणि वर्षभर पानं टिकवणारं झुडूप हवं असेल तर कोरांटीच.

घेताना कोणती कोरांटी ते मात्र नीट सांगा. नर्सरीत नुसतं 'कोरांटी' म्हटलं तर पिवळीही हातात पडू शकते. पिवळी म्हणजे वज्रदंती, जिची पानं दातदुखीवर चघळतात. तिच्या पानांच्या बेचक्यात लांब, टोकदार काटे असतात. मागच्या गल्लीकडे, जिथून कुणी आत शिरू नये असं वाटतं, तिथे ती उत्तम. पुढच्या दाराशी मात्र जांभळी किंवा पांढरी घ्या. तिच्या फांदीला काटे नसतात. दोघी मूळच्या आपल्याकडच्याच, त्यामुळे इथला पाऊस आणि इथला उन्हाळा दोन्ही सोसतात. अडुळसा आणि अबोली यांच्याच कुळातल्या आहेत. ज्यांच्या घरी या दोन्ही वाढल्या असतील त्यांना कोरांटी अवघड जाणार नाही.

रोपं मी ठाण्याकडच्या एका नर्सरीतून घेतली. छोट्या काळ्या पिशवीतली, वीतभर उंचीची, तीस रुपयांना एक. रोपं निरोगी होती, मुळं पिशवीत गोल गोल फिरलेली नव्हती, सगळी जगली. तक्रार एकच. 'सगळी जांभळी' म्हणून दिलेल्या रोपांत पांढरीही निघाली आणि जांभळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचीही. हे कळलं थेट पहिल्या थंडीत, फुलं आल्यावर. फोन केला तर उत्तर मिळालं, "मॅडम, फुलंच आहेत ना!" पैसे देऊन घेतलेल्या रोपाचा रंग ठरल्याप्रमाणे असला पाहिजे, यात मला काही जास्तीची मागणी वाटत नाही. रंगाबद्दल तुमचा आग्रह असेल तर डिसेंबरात नर्सरीत जाऊन फुलं डोळ्यांनी बघा, आणि त्याच झाडाच्या काड्यांपासून केलेली रोपं जूनमध्ये मागून घ्या.

लावणीला जून सगळ्यात चांगला. झुडपांत सव्वा फुटाचं अंतर ठेवलं. जागा असेल तर दोन ओळी, एकीतलं रोप दुसरीतल्या दोन रोपांच्या मधोमध येईल अशा लावाव्यात. आमच्याकडे पट्टी अरुंद म्हणून एकच ओळ. पारसिक टेकडीच्या पायथ्याशी जमीन मुरमाड, पाणी धरून ठेवत नाही, ते कोरांटीला मानवतं. खाडीकडच्या सेक्टरांत भराव आणि चिकण माती आहे. तिथे आधी वीतभर उंच वरंबा करा, मगच लावा. इथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि मुळाशी पाणी तुंबलं तर कोरांटी कुजते. ऊन निदान अर्धा दिवस हवं. सावलीत जगते, पण फुलायला कंजूषपणा करते.

आता वेळापत्रक. फुलं संपली की, म्हणजे फेब्रुवारी सरताना, सगळी ओळ जमिनीपासून फूटभर ठेवून कापायची. निर्दयपणे कापायची. बघणाऱ्याला वाटतं झाड मारलं, पण दोन-तीन आठवड्यांत जुन्या लाकडातून कोंब येतात. उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी. पहिला पाऊस पडला की बुडाशी शेणखत, आणि तिथून नारळी पौर्णिमेपर्यंत शेंडे खुडत राहायचं. एक शेंडा खुडला की खालच्या दोन पानांच्या बेचक्यातून दोन फांद्या फुटतात. कुंपण बुडापासून दाट होतं ते याच दोन महिन्यांत. नारळी पौर्णिमेनंतर कात्रीला हात लावायचा नाही. कारण कळ्या धरतात त्या पावसाळ्यात वाढलेल्या फांद्यांच्या टोकांशी. ती टोकंच उडवली तर फुलणार काय?

नेमकी इथेच सोसायट्यांची कोरांटी मार खाते. दिवाळी आली की साफसफाई, आणि माळी कुंपणावरून सरसकट कात्री फिरवतो. आमच्या चौकाचं काम बघणारे दादा मेहनती माणूस, पण तेही दरवर्षी विचारतात, "ताई, वर आलंय सगळं वेडंवाकडं, एका रेषेत करून देऊ?" मी म्हणते, "दादा, महिनाभर थांबा, मग तुम्हीच नको म्हणाल." आता ते पलीकडच्या चौकातल्या लोकांनाही हेच सांगतात, आणि त्या चौकातही गेल्या थंडीत कोरांटी फुलली.

फूल जवळून बघा. फांदीच्या टोकाशी हिरव्या, काटेरी कडांच्या पानांचा दाट झुपका असतो. त्यातून दोनेक इंच लांबीची नळी बाहेर येते आणि पाच पाकळ्यांत उघडते. दोन लांब पुंकेसर बाहेर डोकावतात. एक फूल एखाद-दोन दिवसच टिकतं, मग नळीसकट सुटून खाली पडतं. पण त्याच झुपक्यात पुढची कळी तयार असते, तिच्यामागे आणखी एक. म्हणून एकेक फूल अल्पायुषी असूनही कुंपण आठवडेच्या आठवडे भरलेलं दिसतं, आणि सकाळी खाली जांभळा सडा. मार्गशीर्षातल्या गुरुवारी बाजारात फुलांचे भाव चढलेले असतात, तेव्हा चौकातल्या काकू सकाळीच परडी घेऊन येतात. चुकून आलेली ती पांढरी झुडपं सासूबाईंनी उपटू दिली नाहीत, पूजेला पांढरी हवीतच म्हणाल्या. वेणीत रंगीत कोरांटी अबोलीच्या बाजूला फार सुरेख दिसते. सुगंध नाही, तो हवा असेल तर शेजारी मोगरा लावा.

सकाळी शिंजीर हमखास येतात, चोच नळीत घालून मध पितात. पावसाळ्यात पानांवर काळसर, काटेरी अळ्या दिसल्या तर लगेच औषध फवारू नका. पॅन्सी गटातल्या फुलपाखरांच्या अळ्या कोरांटीची पानं खातात. थोडी पानं चाळण झाली तर झाडाचं काही बिघडत नाही, आठ-पंधरा दिवसांत नवी येतात. खरा त्रास मिलीबगचा (पिठ्या ढेकणाचा), तोही मार्च-एप्रिलच्या उकाड्यात. लिटरभर पाण्यात पाच मिली नीम तेल आणि थोडा साबण घालून संध्याकाळी फवारायचं. पांढरा कापूस दिसणाऱ्या फांद्या सरळ कापून टाकायच्या.

उणी बाजूही सांगते. पहिल्या वर्षी कुंपण म्हणावं असं काही नसतं, दुसऱ्या पावसाळ्यानंतर आडोसा होतो. जानेवारी संपताना वाळलेले झुपके तपकिरी पडतात आणि कापताना बोटांना टोचतात, हातमोजे घाला. बोंडं वाळून तडकली की बिया इकडेतिकडे उडतात, मग जूनमध्ये फरशीच्या फटींतूनही रोपं उगवतात. ती लहान असतानाच उपटायची. आणि शाडूच्या मूर्तीसारखी गुळगुळीत, चौकोनी भिंत हवी असेल तर कोरांटी तुमच्यासाठी नाही. तिची वाढ मोकळी, चार फुटांपर्यंत जाणारी, टोकं थोडी झुकलेली.

पैशांच्या हिशेबात याहून स्वस्त कुंपण मला माहीत नाही. दहा-बारा रोपं विकत घ्या, बाकीची घरीच होतात. जुलैत खुडलेल्या शेंड्यांतून वीतभर लांबीच्या, खाली जरा टणक झालेल्या काड्या निवडा. खालची पानं काढा, वरची दोन-चार ठेवा. वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समभाग घेऊन पिशवीत भरा आणि काडी दोन पेरं आत जाईल अशी खोचा. पिशव्या आडोशाला, पाऊस थेट झोडपणार नाही तिथे ठेवा. महिनाभरात मुळं धरतात. आमच्या ओळीतली नंतर लावलेली सगळी झुडपं अशीच केलेली आहेत, आणि नर्सरीतून आणलेल्या झुडपांत नि त्यांच्यात आज काही फरक दिसत नाही.