जाहिरातीवाला स्वस्त प्लॅन आणि आळीपाळीने सबस्क्रिप्शन: बरेच महिने वापरल्यावर

ज्या व्हिडिओ सेवेचं सबस्क्रिप्शन माझ्याकडे कित्येक वर्षं होतं तिने बिनजाहिरातीच्या प्लॅनचा भाव परत एकदा वाढवला, तेव्हा मी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे तिचाच जाहिरातीवाला खालचा प्लॅन घेतला, आणि दुसरं म्हणजे बाकीच्या सगळ्या सेवा एकदम चालू ठेवणं बंद केलं, आता एका वेळी त्यातली एकच घेते. नाव मुद्दाम लिहीत नाहीये, भाव जवळपास सगळ्यांनीच वाढवलेत. आता बरेच महिने झालेत, सुरुवातीचा राग ओसरलाय आणि पैसे वाचल्याचा सुरुवातीचा आनंदही, त्यामुळे जे लिहितेय ते शांत डोक्याने.

आधी जाहिरातींचं सांगते. मालिका बघत असाल तर खरंच फार त्रास होत नाही, भागात मुळातच थांबायच्या जागा असतात आणि तेवढ्यात पाणी पिऊन येता येतं. पण सिनेमा या प्लॅनवर बघू नका. एखाद्या प्रसंगात दोन माणसं नुसती समोरासमोर बसलीयेत, कोणी काही बोलत नाहीये, ती शांतता दिग्दर्शकाने मोजूनमापून ठेवलीये आणि बरोब्बर तिथे गाडीची जाहिरात सुरू होते, ती पण सिनेमापेक्षा मोठ्या आवाजात, आणि परत सिनेमा सुरू झाला तरी तो प्रसंग गेलेलाच असतो. त्यात एकाच संध्याकाळी तीच जाहिरात इतक्यांदा येते की त्या वस्तूचाच राग यायला लागतो. काही सिनेमे तर कुलूप लावूनच दिसतात, कारण जाहिरातींसकट दाखवायचे हक्क वेगळे घ्यावे लागतात. चित्राच्या दर्जाबद्दल मात्र माझी तक्रार नाही. नेटफ्लिक्सने नोव्हेंबर २०२२ मध्ये असा प्लॅन आणला तेव्हा चित्र ७२० पी, म्हणजे जरा कमी स्पष्ट होतं आणि डाउनलोड नव्हतं, तासाला चार-पाच मिनिटं जाहिराती, पुढच्याच वर्षी त्यांनी १०८० पी केलं. म्हणजे हे प्लॅन सुधारतात, फक्त घेताना आत काय आहे ते नीट वाचून घ्या.

आता मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते. भाव वाढला की आपण चिडतो ते नुसत्या रकमेमुळे नाही. कानमन, नेच आणि थेलर या संशोधकांनी १९८६ मध्ये एक अभ्यास छापला होता, त्यात लोकांना विचारलं होतं की दुकानदार बर्फ काढायचं फावडं १५ डॉलरला विकत होता आणि मोठ्या हिमवादळानंतर सकाळी त्याने ते २० डॉलर केलं, तर हे बरोबर का? ८२ टक्के लोक म्हणाले बरोबर नाही. पण त्याच अभ्यासात दुकानदाराचा स्वतःचा खर्च वाढला म्हणून भाव वाढला असेल तर बहुतेकांना ते पटत होतं. मला हे तंतोतंत पटतं. ‘तुम्हाला आणखी चांगला अनुभव देण्यासाठी’ असं लिहून भाव वाढवला की डोकं फिरतं, कारण अनुभव कालच्यासारखाच असतो.

नेटफ्लिक्सचीच दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघा. २०११ मध्ये अमेरिकेत त्यांनी डीव्हीडी भाड्याने देणं आणि स्ट्रीमिंग वेगळं केलं, दोन्ही हवं असेल तर महिन्याला ९.९९ डॉलरचे १५.९८ झाले आणि त्या एका तिमाहीत तिथले साधारण ८ लाख ग्राहक गेले. २०२३ च्या मे महिन्यात पासवर्ड वाटून घेण्यावर त्यांनी बऱ्याच देशांत बंदी आणली, प्रचंड बोंबाबोंब झाली, सगळे म्हणाले आता सोडणार, आणि त्या तिमाहीत ग्राहक ५९ लाखांच्या आसपास वाढले! माझ्या मते यात मोठा फरक पायरीचा आहे. २०११ मध्ये दोन्ही ठेवून खाली उतरायला जागा नव्हती, एकतर जास्त पैसे द्या नाहीतर अर्धं सोडा. २०२३ पर्यंत कितीतरी ठिकाणी स्वस्त जाहिरातीवाला प्लॅन आलेला होता, त्यामुळे रागावलेला माणूस बाहेर न जाता एक पायरी खाली उतरू शकत होता. मी पण तेच केलंय, आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

याच्या उलट प्राइम व्हिडिओने जानेवारी २०२४ पासून अमेरिकेत आहे त्याच प्लॅनमध्ये जाहिराती घातल्या आणि नको असतील तर महिन्याला २.९९ डॉलर जास्त द्या म्हणाले. हिशोबाने बघितलं तर ही भाववाढच, पण लोकांना ती जास्त लागली, कारण हातात असलेलं काढून घेतलं आणि मग तेच परत विकलं.

गंमत म्हणजे भाव कमी झाला तरी लोक चिडतात. पहिला आयफोन जून २००७ मध्ये आला, ८ जीबीचा ५९९ डॉलरला, आणि सप्टेंबरमध्ये तो ३९९ झाला, ज्यांनी हौसेने आधी घेतला होता ते इतके भडकले की स्टीव्ह जॉब्सना जाहीर पत्र लिहून १०० डॉलरचं क्रेडिट द्यावं लागलं. निन्टेंडोने २०११ मध्ये थ्रीडीएस हा हातात धरून खेळायचा कन्सोल काही महिन्यांतच २४९.९९ डॉलरवरून १६९.९९ वर आणला तेव्हा आधी घेणाऱ्यांना २० जुने गेम फुकट दिले. मला ही पद्धत फार आवडते, जो तुमच्यावर विश्वास ठेवून पहिल्या दिवशी पैसे टाकतो त्याची आठवण ठेवली पाहिजे. आणि आता तर गेमिंग कन्सोलचं उलटंच झालंय. प्लेस्टेशन ३ हा २००६ मध्ये ४९९ आणि ५९९ डॉलरला आला आणि २००९ मध्ये २९९ झाला, म्हणजे थांबणाऱ्याला फळ मिळायचं. प्लेस्टेशन ५ ऑगस्ट २०२२ मध्ये बऱ्याच देशांत महाग झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतही. ‘थोडं थांब, स्वस्त होईल’ हा सल्ला मी स्वतः कित्येकांना दिलाय, आता देत नाही.

परत माझ्या वापराकडे. आळीपाळीने घेणं हे व्हिडिओला मस्त जमतं. सेवा चालू केली की त्याच दिवशी ऑटो-रिन्यूअल बंद करायचं, पैसे भरलेत तेवढा काळ ती चालतेच, आणि काय बघायचंय त्याची यादी आधीच करून ठेवायची. यामुळे माझं उगाच स्क्रोल करत बसणं संपलं, हा फायदा मला पैशांपेक्षा मोठा वाटतो. सोडून गेलं की बहुतेक सेवा काही दिवसांनी सवलत दाखवून परत बोलावतात, तेव्हा घाई करू नका. वर्षाचा प्लॅन महिन्याच्या हिशोबाने स्वस्त दिसतो पण जिथे तुम्ही खरंच वर्षभर जाता तिथेच तो घ्या. मालिका दर आठवड्याला एक भाग अशी येत असेल तर ही पद्धत त्रासदायक आहे, शेवटचा भाग येईपर्यंत थांबावं लागतं आणि तोपर्यंत शेवट कुठूनतरी कानावर येतोच.

संगीताला मात्र हे अजिबात जमलं नाही. स्पॉटिफायचा अमेरिकेतला भाव २०११ पासून २०२३ पर्यंत ९.९९ डॉलरच होता, मग वाढला, २०२४ मध्ये परत वाढला, तरी लोक चिकटून राहिले आणि मला कारण कळतं. माझ्या प्लेलिस्टमध्ये माझी वर्षं आहेत, त्या उचलून दुसरीकडे नेणं जिवावर येतं, म्हणून माझ्या संगीत सेवेचा भाव वाढला तेव्हा मी मुकाट्याने पैसे भरले.

तर ज्या घरात मालिका जास्त चालतात त्यांनी जाहिरातीवाला प्लॅन बिनधास्त घ्यावा, सिनेमावेड्यांनी बिनजाहिरातीचाच पण एखाददोन महिनेच घ्यावा. आणि या सेवांकडून मला एक साधी गोष्ट हवीये, भाव वाढल्याच्या मेलमध्ये जुना आणि नवा भाव दोन्ही शेजारी लिहा, वाढ का केली ते लिहा आणि प्लॅन बदलायची लिंक तिथेच द्या. मला आलेल्या मेलमध्ये फक्त नवा आकडा होता, जुना मला आधीच्या बिलात जाऊन शोधावा लागला.