बटणांचे दागिने की घड्याळाच्या चक्रांचे? मणीकाम सुरू करणाऱ्यांसाठी

बहुतेक घरांत फाटक्या शर्टांची काढून ठेवलेली बटणं असतात आणि कपाटाच्या खणात बंद पडलेलं एखादं घड्याळही असतं. दोन्ही टाकवत नाहीत. मणी ओवायचा नाद लागला की दोन्हींत दागिने दिसायला लागतात आणि मग प्रश्न पडतो, वेळ आणि पैसा आधी कशात घालायचा?

फोटोंत घड्याळाची चक्रं सहज बाजी मारतात. पितळी दाते, बारीक निळे स्क्रू, मधूनच चमकणारा लाल खडा. त्यापुढे शर्टाचं बटण बापुडवाणं वाटतं. पण फोटो बघून ठरवू नका, जोड कशी बसणार ते बघून ठरवा. बटण शिवण्यासाठीच केलेलं असतं, भोकं तयार, कडा गुळगुळीत. घड्याळाचा भाग दुसऱ्या भागाला धरून फिरण्यासाठी केलेला असतो, त्यातून कुणी दोरा ओवेल हा विचार करणाऱ्याच्या मनातही नव्हता. खर्च, हत्यारं, टिकाऊपणा हे सगळे फरक शेवटी इथेच येतात. म्हणून नवशिक्यांना मी बटणंच घ्यायला सांगते, आणि घड्याळाकडे वळायचंच असेल तर डोळे उघडे ठेवून वळा म्हणते.

माल कुठे आणि कसा घ्यायचा

बटणं मिळवणं सोपं. घरचा डबा आहेच, ओळखीचा शिंपी उरलीसुरली देतो. विकत घ्यायची तर पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला आणि मुंबईत मंगळदास मार्केट-भुलेश्वरच्या गल्ल्यांत लेस-बटणांची दुकानं आहेत. घाऊक दुकानात ग्रोसचा हिशेब चालतो, म्हणजे १४४ नग. मापाला ‘लाइन’ म्हणतात. ४० लाइनचा एक इंच होतो, त्यामुळे शर्टाचं नेहमीचं १८ लाइनचं बटण साधारण साडेअकरा मिलीमीटरचं भरतं. घड्याळवालेही ‘लाइन’च म्हणतात, पण त्यांची एक लाइन २.२५६ मिलीमीटरची. ऑनलाइन मागवताना हा घोळ लक्षात ठेवा, नाहीतर कानातल्यासाठी मागवलेला तुकडा मनगटाएवढा निघायचा.

दागिन्यासाठी सगळ्यांत देखणी बटणं शिंपल्याची. आता बाजारात दिसणारी बरीचशी ‘मोती’ बटणं पॉलिएस्टरची असतात. ओळखायची कशी? गालाला लावून बघा, शिंपला गार लागतो आणि प्लॅस्टिक लगेच कोमट होतं. त्याच मापाच्या प्लॅस्टिकपेक्षा शिंपला हाताला जड लागतो. उलटी बाजू बघा, शिंपल्याच्या सालीचा तपकिरी, ओबडधोबड भाग बऱ्याचदा तिथे राहिलेला असतो. जुन्या कुडत्यांवर, आजोबांच्या सदऱ्यांवर अशी बटणं अजून सापडतात. लंडनमध्ये तर हेन्री क्रॉफ्ट नावाच्या झाडूवाल्याने एकोणिसाव्या शतकात अख्खा सूट शिंपल्याच्या बटणांनी मढवून धर्मादाय निधी गोळा केला, आणि तिथले ‘पर्ली किंग’ ती परंपरा आजही चालवतात. करवंटीची बटणं मला त्याखालोखाल आवडतात. ती हलकी असतात आणि रंगाला लाकडी मण्यांशी छान जुळतात.

घड्याळाचा माल म्हणजे नशिबाचा भाग. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, मुंबईतला चोर बाजार, किंवा गल्लीतले घड्याळजी. घड्याळजीकडे गेलात तर ‘जुनी घड्याळं आहेत का’ असं मोघम विचारू नका. ‘चावीचं, दुरुस्त न होणारं मशीन’ मागा. ‘चावीचं’ या शब्दावर जोर द्या, कारण सेलवर चालणाऱ्या स्वस्त घड्याळाच्या पोटात प्लॅस्टिकची चाकं, तांब्याच्या तारेची गुंडाळी आणि एक हिरवी पट्टी निघते. दागिन्याला त्यातले फार तर काटे आणि तबकडी उपयोगी पडते.

आपल्याकडे चावीची घड्याळं म्हणजे मुख्यतः एचएमटी. जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला १९६१ साली उत्पादन सुरू झालं, लग्नात-निवृत्तीत लाखोंनी वाटलं गेलं, पुढे सेलवरच्या क्वार्ट्झ घड्याळांनी बाजार खाल्ला आणि २०१६ साली ‘एचएमटी वॉचेस’ ही कंपनी बंद करण्याचा निर्णय झाला. आता या घड्याळांचे संग्राहक आहेत, आणि दुरुस्तीला सुटे भाग लागतातच. म्हणून एक विनंती: चालणारं किंवा चालू होऊ शकणारं एचएमटी ‘जनता’ किंवा ‘पायलट’ कानातल्यांसाठी मोडू नका. आधी घड्याळजीला दाखवा. त्याने नकाराची मान हलवली की मगच पकड हातात घ्या. एका पेंडंटसाठी चालतं घड्याळ मोडणं मला तरी पटत नाही, मग ते कितीही ‘रिसायकल’ म्हणून विका.

प्रत्यक्ष काम

बटणांना सुई, मेण लावलेला मजबूत दोरा, काचमणी आणि टोकं अडकवायला फासा एवढं पुरतं. उदाहरणादाखल एकावर एक सरकलेल्या बटणांचं ब्रेसलेट घ्या. चार भोकांची एकाच मापाची बटणं काढा. सुई पहिल्या बटणाच्या डाव्या भोकातून खालून वर आणा, तीन बारीक मणी ओवा आणि तिरक्या समोरच्या भोकातून सुई खाली न्या. आता दुसरं बटण पहिल्यावर असं चढवा की त्याचं डावं भोक पहिल्याच्या उरलेल्या उजव्या भोकावर येईल. सुई खालून वर दोन्ही बटणांतून एकदम काढा, पुन्हा तीन मणी, पुन्हा तिरकं खाली. असं करत गेलं की खवल्यांसारखी पट्टी तयार होते. दोरा फार ताणला तर पट्टी कमानीसारखी वाकते, सैल सोडला तर बटणं फिरतात. हा अंदाज दोन-चार बटणांत हाताला येतो, आणि नाही आला तर दोरा कापा, माल जसाच्या तसा परत डब्यात.

तंगूस, म्हणजे नायलॉनचा पारदर्शक दोरा, वापरायचा मोह होतो, कारण तो दिसत नाही. पण त्याची गाठ सरकते. शिंपल्याच्या भोकाची कडा धारदार असेल तर ती दोराही हळूहळू कापते, म्हणून दोरा दुहेरी घ्या आणि प्रत्येक भोकाच्या तोंडाशी एक मणी बसवा. मागे कडी असलेली धातूची बटणं, कोटाची किंवा जुन्या गणवेशांची, सरळ ओवता येतात, पण ती सारखी पालथी पडतात. दोन्ही बाजूंना मोठे मणी दिले की जागेवर राहतात.

घड्याळाचं काम इथून वेगळ्या वाटेने जातं. भिंग, बारीक पेचकस, चिमटा, डोळ्यांवर चष्मा, आणि खाली पांढरा कागद पसरलेला ट्रे. चावीच्या घड्याळाचं मशीन सुटं करण्याआधी त्यातला स्प्रिंगचा ताण उतरवायचा असतो. मागचं झाकण काढलं की मोठ्या चाकाच्या दात्यात अडकलेला एक छोटा खटका दिसतो. चावीचं बोंड बोटांत घट्ट धरा, खटका पिनेने बाजूला करा आणि बोंड बोटांतून हळूहळू फिरू द्या. हे न करता पेच सोडले तर चाकं उडतात, दाते तुटतात. मुख्य स्प्रिंग ज्या गोल डबीत असते ती डबी उघडूच नका. आतली पोलादी पट्टी उसळून बाहेर येते आणि बोट कापते. डबी आहे तशी लावली तरी गोल, दातेरी आणि छान दिसते.

सुटे झालेले भाग तेलकट असतात आणि तेलावर कोणताही गोंद टिकत नाही. घड्याळजी पेट्रोलमध्ये धुतात, घरी ते करू नये. खिडकी उघडी ठेवून, गॅसपासून लांब, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवा. मात्र जहाजाच्या नांगराच्या आकाराचा जो चिमुकला भाग असतो, त्यावरचे लाल खडे लाखेने बसवलेले असतात आणि अल्कोहोलने सुटू शकतात. तो नुसता ब्रशने पुसा. हे खडे म्हणजे कृत्रिम माणिक असतात. ‘१७ ज्वेल्स’ लिहिलेलं वाचून सराफाकडे धावायची गरज नाही, दागिन्यांच्या बाजारात त्यांना जवळपास काही किंमत नाही.

मग जोडायचं कसं? मुख्य तळपट्टीला, म्हणजे ज्या पट्टीवर सगळी चाकं बसवलेली असतात तिला, पेचांची भोकं आधीच असतात, त्यांतून जंप रिंग, म्हणजे तोंड उघडणारी छोटी कडी, घालता येते. दोरा मात्र ओवू नका, पितळेची कडा तो कापते. गियर वायर (प्लॅस्टिकचं आवरण असलेली बारीक पोलादी तार) आणि गियर लॉक (ती धरायला पकडीने दाबायचा छोटा मणी) वापरा. पितळी चक्राला हाताच्या ड्रिलने भोक पडतं, पोलादी भागाला पडत नाही, ड्रिलच मोडतं. बाकी सगळं गोंदावर. सुपर ग्लू चकचकीत धातूवर पांढरी झाक सोडतो, म्हणून दोन नळ्यांचा इपॉक्सी बरा. रात्रभर हात लावायचा नाही, एवढाच त्याचा जाच. आणि एकदा चिकटलं की चुकलेलं चक्र पुन्हा वापरायला मिळत नाही. बटणांच्या तुलनेत हा तोटा सुरुवातीला फार जाणवतो.

अंगावर घातल्यावर

पॉलिएस्टरच्या बटणांचं वजन जवळपास नगण्य. पितळेची घनता त्याच्या सहापट वगैरे असते, त्यामुळे पुरुषाच्या घड्याळाची पूर्ण तळपट्टी गळ्यात चालते, कानात नाही. कानासाठी बायकांच्या जुन्या छोट्या घड्याळांची मशीन शोधा.

तिथेही जोडीचा प्रश्न राहतो, आणि तो लोक आधी विचारात घेत नाहीत. बटणं डझनाने एकसारखी मिळतात. घड्याळ एकच असतं आणि त्यात बहुतेक भाग एकेकच. दोन कानांत सारखी चक्रं हवीत तर एकाच बनावटीची दोन मेलेली मशीन हवीत. मुद्दाम वेगवेगळी घालणारं गिऱ्हाईकही असतं, पण आपल्याकडे बहुतेक जणी ‘दुसरा कुठेय?’ असंच विचारतात.

कोकणात, मुंबईत, पावसाळ्यात उघडं पितळ घामाने कळंकतं, आणि पोलादी पेचांना गंज चढतो. पारदर्शक लॅकरचा हात दिला तर बराच काळ तेज राहतं. इथे एक गंमत आहे. पितळेला चिंच लागते, शिंपल्याला चिंच मारक. शिंपला कॅल्शियम कार्बोनेटचा, आंबट लागलं की त्याची झळाळी खाल्ली जाते. दोन्ही एकाच माळेत असतील तर चिंच, लिंबू, पितांबरी सगळं लांब ठेवून कोरड्या मऊ कापडानेच पुसायचं. निकेलचा मुलामा असलेल्या पट्ट्यांनाही घासणं सोसत नाही.

निकेलने ज्यांना खाज सुटते, त्यांना घड्याळाचे भाग त्वचेला लागू देऊ नका. मागे कापड किंवा चामडं लावा. जीन्सची धातूची बटणंही याच यादीत येतात. युरोपात नातेवाइकांना किंवा गिऱ्हाइकांना पाठवणार असाल तर तिथे निकेलवर कायद्याने मर्यादा आहे: त्वचेला सतत लागणाऱ्या वस्तूतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये, आणि टोचलेल्या कानातल्या दांडीसाठी ही मर्यादा ०.२ आहे. जुन्या, मापलेल्या नसलेल्या भागांबद्दल अशी हमी देता येत नाही. शिंपला, लाकूड, करवंटी यांना हा प्रश्नच नाही.

ज्यावर तडजोड नको

साठच्या दशकापर्यंतच्या बऱ्याच घड्याळांच्या अंधारात चमकणाऱ्या आकड्यांवर आणि काट्यांवर रेडियम असायचं. आता ते चमकत नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. चमकणारा रासायनिक थर थकतो, रेडियम नाही. त्याचा अर्धायुष्यकाळ सुमारे १६०० वर्षं आहे. काट्यांवर, आकड्यांवर पिवळट-तपकिरी, खरखरीत लेप दिसला तर ते घड्याळ उघडू नका, खरवडू नका, दागिन्यात घालू नका. चोर बाजारातली परदेशी लष्करी घड्याळं सुंदर दिसतात, पण मी ती हातात घेऊन परत ठेवते.

दुसरं, सेलच्या घड्याळातला गोल सेल. लहान मूल तो गिळलं तर अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते. घड्याळ उघडताच सेल आधी काढा, चिकटपट्टीत गुंडाळा, ई-कचऱ्यात द्या. चक्रांचं आणि बटणांचं काम घरात रांगतं मूल असताना टेबलावर उघडं सोडू नये, ही गोष्ट दोघांनाही सारखीच लागू.

मग कोणी काय घ्यावं

दुपारी तासभर मोकळा मिळतो, शाळकरी मुलीला सोबत बसवायचं आहे, दिवाळीच्या प्रदर्शनात एकसारखे वीस-पंचवीस नग मांडायचे आहेत, असं असेल तर बटणं. विचारही करू नका. लहान स्क्रूंशी खेळायचा धीर आहे, भिंगाखाली बसायला आवडतं, आणि कमी नग पण प्रत्येक वेगळा अशी विक्री करायची आहे, तर घड्याळं. पुरुषांसाठी कफलिंक, लॅपल पिन करायच्या असतील तरी घड्याळंच. तिथे वजनाची अडचण नाही आणि जोडीची अडचण एका मोठ्या मशीनच्या दोन पट्ट्यांत भागते.

दोन्हींचा मोह असेल तर माझी पसंती एका मिश्र पेंडंटला. कोटाचं मोठं चार भोकांचं बटण तळाला घ्या, त्यावर छोट्या घड्याळाची तळपट्टी ठेवा. पट्टीची निदान दोन पेचभोकं बटणाच्या भोकांवर येतील असं फिरवून बघा. त्यातून बारीक तांब्याची तार दोन वेळा फिरवून मागे पिळा, पिळाचं टोक आत दाबा आणि वरून फेल्ट चिकटवा. बटणाच्या उरलेल्या दोन भोकांतून माळ पट्टी बसवण्याआधीच ओवून घ्या. गोंद फक्त फेल्टला लागतो, त्यामुळे कधी कंटाळा आला तर तार कापून बटण आणि पट्टी दोन्ही सुटी करता येतात.