ऐंशीच्या दशकातील क्वीन: हाफ-स्पीड तबकड्यांचा अनुभव

नाशिकमध्ये रॉक संगीत मन लावून ऐकणारी मंडळी फार नाहीत. पण जी आहेत, ती आपल्या मतावर ठाम असतात. गंगापूर रोडवरच्या आमच्या घरी रविवारी सकाळी मिसळ खाऊन झाली की सहा-सात जण ऐकायला बसतो, आणि क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचे नाव निघाले की हमखास दोन तट पडतात. एका तटाच्या मते सत्तरच्या दशकाबरोबर खरी क्वीन संपली, पुढे सिंथेसायझर आला, नाचाचे ठेके आले आणि चार वादकांचा बँड यंत्रांच्या हवाली झाला. दुसऱ्या तटाला हे अजिबात मान्य नाही, कारण त्यांची या बँडशी ओळखच मुळी ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांनी, बहुतेकदा मोठ्या भावाच्या कॅसेटवरून, झालेली आहे. गेली कित्येक वर्षे हा वाद आठवणींच्या आणि मोबाइलवरच्या आवाजाच्या भरवशावर चालत होता. तो एकदा नीट ऐकून बोलावा, या हेतूने मी २०१५ साली निघालेल्या आवृत्तीतील पाच तबकड्या एकेक करून विकत घेतल्या: ‘द गेम’ (१९८०), ‘हॉट स्पेस’ (१९८२), ‘द वर्क्स’ (१९८४), ‘अ काइंड ऑफ मॅजिक’ (१९८६) आणि ‘द मिरॅकल’ (१९८९). १९८० चेच ‘फ्लॅश गॉर्डन’ हे चित्रपटाचे पार्श्वसंगीत असल्याने ते मी बाजूला ठेवले.

आधी वस्तूविषयी. या तबकड्या १८० ग्रॅम वजनाच्या आहेत. मास्टरिंग, म्हणजे तबकडी कापण्यापूर्वीची ध्वनीची अखेरची जुळणी, बॉब लुडविग यांचे असून लंडनच्या ॲबे रोड स्टुडिओत माइल्स शॉवेल यांनी त्या हाफ-स्पीड पद्धतीने कापलेल्या आहेत. या पद्धतीत खाच कोरणारे यंत्र आणि त्याला मिळणारा मूळ ध्वनी हे दोन्ही निम्म्या वेगाने चालवतात. म्हणजे जी तबकडी घरी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, ती कापताना १६⅔ फेऱ्यांनी फिरलेली असते. त्यामुळे झांजेचा किंवा ‘स’काराचा जो बारीक, झपाट्याचा ध्वनी असतो, तो कोरायला कटरला दुप्पट वेळ मिळतो आणि वरच्या पट्टीतले स्वर चिरकत नाहीत. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छपाई यंत्रांवर आयुष्य घालवून निवृत्त झालेले आमचे काका हे ऐकताच म्हणाले, “बारीक रेघ काढायची तर हात सावकाशच चालवावा लागतो.” मला हे स्पष्टीकरण कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा पटले.

तक्रार एकच आहे आणि ती विक्रेत्याबद्दल आहे. ज्या संकेतस्थळावरून ‘हॉट स्पेस’ मागवली, त्यांनी ती साध्या पातळ खोक्यात पाठवली. कव्हरचा वरचा कोपरा दुमडून आला आणि तबकडीच्या कडेला किंचित बाक होता, ज्यामुळे पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला सुई डोलताना दिसते. ती उडत नाही, ध्वनीही बिघडत नाही, पण इतके पैसे मोजल्यावर चांगला पुठ्ठा मिळावा ही अपेक्षा रास्त आहे. बदलून देण्याविषयी दोनदा लिहिले. उत्तर आले नाही.

‘द गेम’पासून सुरुवात केली, कारण वादाचे मूळ तेथेच आहे. क्वीनच्या सत्तरच्या दशकातील अनेक तबकड्यांच्या कव्हरवर सिंथेसायझर वापरलेला नाही असे अभिमानाने छापलेले असे. ‘द गेम’च्या कव्हरवर मात्र ओबरहाइम ओबी-एक्स या सिंथेसायझरचा पहिला वापर झाल्याचे प्रामाणिकपणे नोंदवले आहे, आणि तबकडी सुरूच होते ती त्याच्या उतरत जाणाऱ्या घोंघावाने. हे ऐकून पहिल्या तटाचे चेहरे पडतात. पण पुढची पाच मिनिटे त्यांनी शांतपणे ऐकावीत असे मला वाटते. म्युनिकच्या म्युझिकलँड स्टुडिओत राइनहोल्ड मॅक या निर्मात्याबरोबर केलेले हे ध्वनिमुद्रण कोरडे, मोकळे आणि जवळचे आहे. ‘ड्रॅगन अटॅक’मध्ये ब्रायन मे यांची गिटार, जॉन डीकन यांचा बास आणि रॉजर टेलर यांचे ड्रम्स यांच्यामधली रिकामी जागा ऐकू येते, कोण कोठे बसले आहे हे बोट दाखवून सांगता येईल इतकी.

त्यानंतरचे ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ हे आमच्या वादातले सर्वांत जुने हत्यार. “हे डिस्को आहे, क्वीन नव्हे,” हे वाक्य मी किमान वीस वर्षे ऐकत आलो आहे. नव्या तबकडीवर ते पुन्हा ऐकताना काकांनी मध्येच हात वर करून सर्वांना गप्प केले. बासच्या तारेवर बोट पडते तो क्षण आणि तार दाबून थांबवली जाते तो क्षण, हे दोन्ही वेगळे ऐकू येत होते. ड्रमचा ठेका टेपचा तुकडा जोडून फिरवलेला आहे हे खरे, पण तो ठेका टेलर यांच्या हातचा आहे आणि तो कोरडा यावा म्हणून ड्रममध्ये ब्लँकेटे कोंबलेली होती. गाण्यात सिंथेसायझर अजिबात नाही. विचित्र वाटणारे ते फुत्कार पियानो आणि झांजा उलट्या वाजवून केलेले आहेत. ज्या गाण्याला आमच्यातले निम्मे लोक यंत्राचे गाणे म्हणत होते, ते सगळेच्या सगळे माणसांनी हाताने वाजवलेले निघाले. एक गाणे सोडून येणारे ‘क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह’ही तसेच: गायक फ्रेडी मर्क्युरी स्वतः अकूस्टिक गिटार धरतात आणि मे आपली वडिलांबरोबर घरी बनवलेली प्रसिद्ध गिटार बाजूला ठेवून फेंडर बनावटीच्या गिटारवर सोलो वाजवतात. १९८० मध्ये ही दोन्ही गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली होती, आणि तेथे पहिल्या क्रमांकावर पोहोचलेली क्वीनची स्टुडिओत केलेली तबकडी ही एकच.

या श्रवणातून माझे जे मत बनले, ते येथेच सांगतो. आमचा वाद गिटार विरुद्ध यंत्र असा मांडला जात होता आणि ती मांडणीच चुकली होती. ज्याचे वाद्य त्याच्या हातात राहिले, तेथे ऐंशीच्या दशकातली क्वीन सत्तरच्या दशकाइतकीच भक्कम आहे. जेथे ते काढून घेतले गेले, तेथे ती विरळ होते.

‘हॉट स्पेस’ची पहिली बाजू याचा पुरावा आहे. ‘स्टेइंग पॉवर’मध्ये आरिफ मार्डिन यांनी बांधलेला ब्रासचा, म्हणजे पितळी फुंकवाद्यांचा, ताफा आहे आणि या आवृत्तीत तो विलक्षण लखलखीत उमटला आहे, पण बास सिंथेसायझरवर वाजतो आणि डीकन यांच्यासारखा बासवादक रिदम गिटार धरून उभा असतो. ‘बॉडी लँग्वेज’मध्येही बास यंत्राचाच, आणि गिटारला जवळपास कामच नाही. ‘बॅक चॅट’ हे डीकन यांचे गाणे मला मनापासून आवडते, तरी त्यातही मे एका सोलोपुरते मोकळे होतात आणि तो सोलो इतका कडाडून येतो की उरलेल्या बाजूवर काय नाही ते लगेच कळते. हाफ-स्पीडने या बाजूचे भले केले आहे असे मी म्हणणार नाही. ध्वनी जितका स्वच्छ होतो, तितका ठेक्याचा एकसुरीपणा उघडा पडतो.

मात्र याच गाण्यांचे दुसरे रूप उपलब्ध आहे. ५ जून १९८२ रोजी इंग्लंडमधील मिल्टन कीन्स येथे झालेल्या मैफलीचे ध्वनिमुद्रण २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. ओझरच्या एच.ए.एल.मध्ये काम करणाऱ्या आमच्या एका मित्राने ते आणले होते. त्यातले ‘स्टेइंग पॉवर’ टेलर यांच्या प्रत्यक्ष ड्रम्सवर उभे राहते आणि मे यांची गिटार त्याला धार लावते. पहिल्या तटातले एक सर, जे ‘हॉट स्पेस’चे नावही घेऊ देत नसत, ते संपल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “गाणं चांगलं आहे. मुद्रण चुकलं.” इतक्या वर्षांत त्यांनी एक पाऊल मागे घेतल्याचे मी पहिल्यांदा पाहिले.

दुसरी बाजू तर वेगळ्याच बँडची वाटावी अशी आहे. ‘पुट आउट द फायर’मध्ये गिटार परत येते, जॉन लेनन यांच्या स्मरणार्थ रचलेल्या गाण्यात मर्क्युरी यांचा पियानो संयत आहे, आणि शेवटी ‘अंडर प्रेशर’. १९८१ च्या उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमधील मॉन्ट्रो येथील माउंटन स्टुडिओत गायक डेव्हिड बोवी आणि हे चौघे वाजवता वाजवता हे गाणे घडले आणि त्याचे श्रेयही पाचही जणांना मिळून दिलेले आहे. दोन स्वरांवर फिरणारा तो बास, त्यावर पडणाऱ्या चुटक्या, आणि मध्ये सगळे ओसरून फक्त आवाज उरतात ती जागा या तबकडीवर इतकी शांत आहे की बाहेर गंगापूर रोडवरून जाणाऱ्या बसचा हॉर्न आम्हाला गाण्यातलाच वाटला.

‘द वर्क्स’विषयी दोन तटांत फारसा झगडा उरला नाही, कारण ‘टेअर इट अप’ आणि ‘हॅमर टू फॉल’ ऐकल्यावर गिटार हरवल्याची तक्रार करता येत नाही. ‘आय वाँट टू ब्रेक फ्री’च्या सोलोवर मात्र पैज लागली. दोघेजण ती गिटारच आहे असे छातीठोकपणे सांगत होते. तो सोलो साथीचे वादक फ्रेड मँडेल यांनी सिंथेसायझरवर वाजवलेला आहे. या आवृत्तीत स्वर वाकवतानाची ती किंचित रबरी लकेर स्पष्ट कळते, पण त्याचबरोबर हेही कळते की वाकवणारा हात माणसाचा आहे. म्हणूनच ते वाद्य परके वाटत नाही. माझ्या मताला अडचण करणारे गाणे याच तबकडीच्या आरंभी आहे. टेलर यांचे ‘रेडिओ गा गा’ यंत्राच्या ठेक्यावर आणि सिंथेसायझरवर उभे आहे आणि तरीही ते मला हलवते. मर्क्युरी यांचा गळा त्याला पुरून उरतो हे एक कारण असेल. दुसरे असे, की १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानात, ‘लाइव्ह एड’ या मदतनिधीच्या मैफलीत, हजारो हातांनी त्यावर एकाच वेळी टाळ्या दिल्या आणि तेव्हापासून कोणीही ते गाणे त्या हातांशिवाय ऐकलेले नाही. आमच्या बैठकीतही धृपद येताच सगळ्यांचे हात आपोआप वर गेले.

‘अ काइंड ऑफ मॅजिक’ मला पाचांतली सर्वांत विस्कळीत वाटते. ‘वन व्हिजन’ चौघांनी मिळून रचलेले आहे आणि तसे ते ऐकूही येते. ‘वन इयर ऑफ लव्ह’मध्ये मे नाहीतच, त्यांच्या जागी सॅक्सोफोन आहे. पण दुसऱ्या बाजूच्या आरंभीचे ‘हू वाँट्स टू लिव्ह फॉरएव्हर’ या आवृत्तीचे सर्वांत मोठे देणे आहे. मायकेल केमन यांच्या वाद्यवृंदाचा पहिला सूर इतका हळू येतो की तबकडी स्वच्छ नसेल तर तो खरखरीत बुडतो. आपल्याकडे हिवाळ्याच्या कोरड्या हवेत तबकडीवर स्थिर वीज फार चढते आणि धूळ चिकटते. त्यामुळे ही बाजू लावण्यापूर्वी कार्बन ब्रश फिरवणे आवश्यक आहे. मे यांनी पहिल्या ओळी स्वतः गायल्या आहेत आणि मग मर्क्युरी गाणे उचलतात, तेथे माझ्या पत्नीने, जी या वादात कधीच पडत नाही, स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभे राहून शेवटपर्यंत ऐकले.

‘द मिरॅकल’ वाजवताना खोलीत वादाचा सूर राहिला नाही. ९ ऑगस्ट १९८६ च्या नेबवर्थच्या मैफलीनंतर या चौघांनी पुन्हा कधी एकत्र मैफल केली नाही आणि मर्क्युरी आजारी आहेत हे या ध्वनिमुद्रणाच्या काळात बँडला कळलेले होते. या तबकडीवरचे प्रत्येक गाणे, कोणीही रचलेले असले तरी, क्वीनच्या नावावर आहे. पूर्ण तबकडीच्या बाबतीत असे प्रथमच झाले. कव्हरवर चार चेहरे एकमेकांत मिसळून गेलेले आहेत. ‘आय वाँट इट ऑल’ आणि ‘वॉज इट ऑल वर्थ इट’ ही गाणी ऐकताना पहिल्या तटातल्या सरांनी सत्तरच्या दशकाची आठवण स्वतःहून काढली. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पियानो शिकलेल्या, झांझिबारमध्ये जन्मलेल्या फारोख बलसारा नावाच्या पारशी मुलाचा हा गळा आहे, हे मी एरवी सांगत नाही, कारण आपल्याकडे त्याचा उल्लेख फार वेळा केवळ अभिमानापुरता होतो. त्या दिवशी काकांनी विचारले म्हणून सांगितले.

एकच तबकडी घेण्याची ऐपत असेल तर ‘द गेम’ घ्यावी. ध्वनी आणि वादन दोन्ही दृष्टींनी ती पहिली. तिच्यानंतर ‘द वर्क्स’. ‘हॉट स्पेस’ शक्य झाल्यास दुकानात जाऊन, कड आणि कव्हर पाहून घ्यावी, आणि लावताना दुसऱ्या बाजूपासून सुरुवात करावी. माझी प्रत सध्या घरी नाही. काका ती जेल रोडला आपल्या घरी घेऊन गेले आहेत. कव्हरचा दुमडलेला कोपरा त्यांनी दोन जाड पुस्तकांखाली आठवडाभर दाबून सरळ केला असा परवा फोन आला, आणि ‘अंडर प्रेशर’ अजून पुरेसे ऐकून झालेले नाही असेही ते म्हणाले.