स्पर, रँग्लर की विला? वेस्टर्न कादंबरी पाठवण्याआधी

वेस्टर्न म्हणजे पाश्चात्त्य नव्हे. लंडनमध्ये घडणारी कादंबरी कितीही चांगली असली तरी स्पर, रँग्लर आणि विला या पुरस्कारांच्या स्पर्धांत तिला दारातूनच परत पाठवतील. इथे वेस्टर्न म्हणजे अमेरिकेचा पश्चिम भाग: गुरांची कुरणं, वाळवंट, खाणींची गावं आणि त्या मुलखात जगलेली माणसं. इंग्रजीत अशी कादंबरी लिहून छापून झाली असेल, मग लेखक डॅलसचा असो की डोंबिवलीचा, तर मुख्य प्रश्न तीन पुरस्कारांपैकी कुठला, हा असतो.

स्पर पुरस्कार 'वेस्टर्न रायटर्स ऑफ अमेरिका' ही लेखकांची संघटना 1953 पासून देते. रँग्लर हा ओक्लाहोमा सिटीतल्या काउबॉय संग्रहालयाचा, 1961 पासूनचा. त्याचं बोधचिन्ह म्हणजे घोड्यावरच्या काउबॉयचा ब्राँझचा पुतळा. विला हा 'विमेन रायटिंग द वेस्ट' या संस्थेचा. त्याला विला कॅथर या कादंबरीकर्तीचं नाव दिलंय. घर चालेल अशी रक्कम यांतल्या कुठल्याच पुरस्कारातून हाती येत नाही. मिळतो तो मान, आणि मुखपृष्ठावर छापायला एक ओळ.

खरा फरक आहे तो खिडक्यांचा, म्हणजे विभागांचा. रँग्लरला कादंबरीसाठी एकच खिडकी. पाचशे पानी ऐतिहासिक कादंबरी, पिस्तुलबाजीची सुटसुटीत गोष्ट आणि आजच्या मोंटाना राज्यातली कौटुंबिक कथा, सगळ्या एकाच रांगेत. स्परला मात्र पारंपरिक, ऐतिहासिक आणि समकालीन असे वेगवेगळे विभाग आहेत, शिवाय पहिल्या कादंबरीचा वेगळा. म्हणून पहिलंच पुस्तक असेल तर आमचं मत सरळ स्परच्या बाजूने आहे.

पण विभाग चुकला तर चांगलं पुस्तकही वाया जातं, आणि बहुतेक जण चुकतात ते इथेच. कथा 1876 मध्ये घडते म्हणून ती ऐतिहासिक होत नाही. एखादी खरी घटना किंवा खरी व्यक्ती काढून टाकली तर कथा कोसळते का, हे तपासा. कोसळत असेल तर ऐतिहासिक. मार्शल (कायदा राखणारा अधिकारी), गुरंचोर आणि रांच (गुरं पाळण्याचा मोठा मळा) तेवढे उरत असतील आणि गोष्ट तशीच चालत असेल, तर ती पारंपरिक. समकालीन विभागाकडे लोक उगाच दुर्लक्ष करतात. 1950 च्या दशकातल्या टेक्सासच्या दुष्काळावरची एल्मर केल्टन यांची 'द टाइम इट नेव्हर रेन्ड' घ्या. सरकारी मदत नाकारणारा हट्टी रांचमालक, वर्षानुवर्षं न येणारा पाऊस, चाऱ्याचे वांधे. बंदुकीच्या लढाया नाहीत. माणदेशातल्या वाचकाला तर ती घरचीच वाटेल. या कादंबरीला स्पर आणि रँग्लर, दोन्ही मिळाले. म्हणजे काउबॉय टोपी घातली नाही म्हणून कथा बाद होत नाही, आणि एकीकडे पाठवलं म्हणून दुसरीकडचं दारही बंद होत नाही.

विलाचा निकष वेगळाच आहे: गोष्ट कुणाची? पश्चिमेतल्या बाईची किंवा मुलीची असायला हवी. परीक्षक व्यावसायिक ग्रंथपाल असतात. नायकाची बायको तीन प्रकरणांत भाकरी भाजते एवढ्यावर ते भुलत नाहीत. निर्णय ती घेते का, तिच्या निर्णयाने कथा वळते का, हे पाहा. उत्तर 'हो' असेल तर पहिला क्रमांक विलाला द्या. तुमच्या पुस्तकाला तिथे ठरलेल्या चौकटीतल्या पन्नास काउबॉयांशी झुंजावं लागणार नाही.

आता परीक्षकाच्या हातून पुस्तक कुठे सुटतं ते. स्परचं पुस्तक वाचणारे हा मुलूख कोळून प्यायलेले असतात. 1866 च्या कथेत नायकाच्या कमरेला कोल्ट पीसमेकर दिसला की संपलं, कारण ते पिस्तूल 1873 चं. त्याआधीच्या बहुतेक पिस्तुलांत दारू, गोळी आणि ठिणगी पाडणारी स्फोटक टोपी वेगवेगळी भरावी लागे. ऐन चकमकीत पुन्हा भरायची सोय नाही, त्यामुळे प्रसंगाची अख्खी मांडणीच बदलते. सहा घरांच्या पीसमेकरमध्येही जाणकार माणूस पाचच गोळ्या ठेवी, पिस्तुलाचा घोडा रिकाम्या घरावर टेकवून. जोसेफ ग्लिडन या अमेरिकन संशोधकाच्या काटेरी तारेचं पेटंट 1874 चं, तेव्हा 1868 च्या कुरणाला तिचं कुंपण घालू नका. हात वर केलेला तो उंच सग्वारो निवडुंग ॲरिझोना-मेक्सिकोतल्या सोनोरन वाळवंटातला. टेक्सासच्या मैदानात तो उगवला की मुखपृष्ठावरच घात होतो, कारण चित्रकार हमखास तेच चित्र काढतो. गुरांचा तांडा दिवसाला दहा-पंधरा मैल चाले. त्याहून जास्त हाकलला तर गुरं वाळतात आणि बाजारात भाव पडतो. घोड्याला दिवसभर दौडवणारा नायक तर पहिल्याच प्रकरणात हसं करून घेतो.

प्रती पाठवण्याचं काम कंटाळवाणं, पण स्पर्धेतून बाद व्हायला तेवढं पुरतं. परीक्षक वेगवेगळ्या राज्यांत असतात, आणि छापील प्रती मागितल्या असतील तर प्रत्येकाच्या पत्त्यावर वेगळी प्रत जाते. पुण्याहून तीन कुरियर करण्यापेक्षा ॲमेझॉनच्या केडीपी या स्वयंप्रकाशन सेवेवरून लेखक-प्रती थेट अमेरिकेतल्या पत्त्यांवर मागवाव्यात. तपासणी-प्रत मात्र मागवू नका, तिच्या मुखपृष्ठावर 'विक्रीसाठी नाही' अशी पट्टी छापून येते. लेखक-प्रती पुस्तक विक्रीला लागल्यावरच मिळतात, म्हणून प्रकाशनाची तारीख डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ढकलणं महागात पडतं. स्परला प्रकाशनाचं वर्ष मोजतात आणि मुदत वर्ष पालटतानाच संपते. प्रती पोचायला आठ-दहा दिवस लागले की संधी गेली, आणि पुढच्या वर्षी ते पुस्तक शिळं ठरतं. त्यापेक्षा प्रकाशन जानेवारीत घ्यावं, हातात पूर्ण वर्ष राहतं. हक्कपानावरचं वर्ष आणि अर्जातलं वर्ष जुळतंय ना, हे अर्ज भरताना पुस्तक समोर उघडून पाहा. जुन्या कादंबरीची नवी आवृत्ती नवी म्हणून चालत नाही.

पुस्तक अजून छापलंच नसेल तर हे तिन्ही बाजूला ठेवा. चँटिक्लिअर या संस्थेच्या लॅरमी या वेस्टर्न कादंबऱ्यांच्या स्पर्धेत हस्तलिखित चालतं, पण तिथे लांब यादी, छोटी यादी, उपांत्य, अंतिम अशा पायऱ्या आहेत आणि शुल्क भरावं लागतं. त्या पैशांत एखाद्या जाणकाराकडून हस्तलिखित तपासून घेतलं तर कोल्टच्या सालासारख्या चुका आधीच सापडतात. आधी ते करा. मांडणी, कागद आणि बांधणी देखणी असेल तर विल रॉजर्स मेडॅलियन या पुरस्काराचा विचार करा, तिथे मजकुराबरोबर पुस्तकाची निर्मितीही जोखतात.

एकाच ठिकाणी पाठवण्याइतके पैसे असतील तर: नायिका असेल तर विला, पहिली कादंबरी असेल तर स्पर, आणि दोन-चार पुस्तकं नावावर असून कथेचा आवाका मोठा असेल तर रँग्लर.