खासदाराचं प्रगतिपुस्तक: आठ महिने उघडून पाहिल्यावर

पावसाळी अधिवेशनाच्या तोंडावर आमच्या चौकात एक फ्लेक्स लागला. हजेरी ९० टक्क्यांच्या वर, प्रश्न तीनशेच्या वर, आणि खाली ठळक अक्षरांत 'तब्बल ९ विधेयके मांडणारे आपले कार्यसम्राट खासदार'. सासऱ्यांनी भाजीची पिशवी खाली ठेवून तो सगळा वाचला आणि घरी येऊन मला विचारलं, "नऊ विधेयकं मांडली, मग कायदे किती झाले?" मी हिशेबाच्या कामातली बाई. आकडा दिसला की तो कुठून आला हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. तेव्हापासून बजेट अधिवेशनापर्यंत रोज नाही, पण आठवड्याला दोन-तीनदा तरी मी आमच्या खासदारांची नोंद उघडून बसते. त्यांचं नाव आणि पक्ष इथे सांगत नाही, कारण माझं बोलणं त्या एका माणसाबद्दल नाही.

वापरलं काय, ते आधी सांगते. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या दिल्लीच्या संस्थेच्या साइटवर प्रत्येक खासदाराचं पान आहे. हजेरी, चर्चा, प्रश्न, खासगी विधेयकं (म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारांनी मांडलेली), आणि शेजारी देशाची व राज्याची सरासरी, सगळं एका नजरेत. मुळातून वाचायचं तर 'डिजिटल संसद' हे संसदेचं पोर्टल. तिथे प्रश्नोत्तरांच्या पीडीएफ, विधेयकांचे मसुदे आणि भाषणांचं शब्दशः वृत्त मिळतं. मालमत्ता आणि गुन्ह्यांच्या नोंदींसाठी मायनेता ही साइट. शिवाय खासदार निधीचं पोर्टल आणि माझी स्वतःची एक एक्सेल. सगळं फुकट आहे, खर्च होतो तो वेळ.

पहिले दोन महिने मी चुकीच्याच गोष्टी मोजत होते.

हजेरीचं घ्या. ही हजेरी म्हणजे नुसती नोंद, पूर्वी हजेरीपटावरची सही, आता लोकसभेत जागेवरच्या यंत्रावर. नोंद झाली की दैनिक भत्ता मिळतो, सध्या दिवसाला २,५०० रुपये. त्यानंतर खासदार सभागृहात सहा तास बसले की दहा मिनिटांत बाहेर पडले, हे त्या टक्क्यांवरून कळत नाही. आणि टक्के कशाचे, तेही बघायला हवं. सतरावी लोकसभा पाच वर्षांत एकूण २७४ दिवस बसली, म्हणजे वर्षाला सरासरी ५५ दिवस. पहिली लोकसभा ६७७ दिवस बसली होती. फ्लेक्सवरचे ९० टक्के म्हणजे वर्षातले फार तर पन्नास दिवस, हे सासऱ्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आमच्या गिरणीत असं असतं तर?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण खासदाराचं निम्मं काम मतदारसंघात असतं, हेही खरं.

आणखी एक. तुमचे खासदार मंत्री असतील तर हे सगळे रकाने रिकामे दिसतील. मंत्र्यांना हजेरी नोंदवावी लागत नाही, ते प्रश्न विचारत नाहीत (उत्तरं देतात), खासगी विधेयकही मांडत नाहीत. व्हॉट्सॅपवर मंत्र्यांच्या नावापुढे शून्य लिहून फिरणारे तक्ते येतात, त्यांत हीच गफलत असते.

आता त्या नऊ विधेयकांकडे. मंत्री नसलेला कुठलाही खासदार विधेयक मांडू शकतो, मग तो सत्ताधारी पक्षाचा का असेना. लोकसभेत त्यासाठी शुक्रवारी दुपारचे शेवटचे अडीच तास राखून ठेवलेले असतात, तेही आलटून पालटून, एका शुक्रवारी विधेयकं आणि पुढच्या शुक्रवारी ठराव. मी एका शुक्रवारी मुद्दाम साडेतीनला संसद टीव्ही लावला. अध्यक्षांच्या जागेवर बसलेले सदस्य नाव पुकारतात, खासदार उठून विधेयक मांडायची अनुमती मागतात, 'हो'चा आवाज येतो, खासदार 'मी विधेयक मांडतो' म्हणून खाली बसतात, पुढचं नाव. घड्याळ लावून बघितलं तर एका विधेयकाला मिनिटभरही लागत नव्हता. ज्याचं नाव पुकारलं आणि जो जागेवर नाही, त्याचं राहिलं.

फ्लेक्सवरचं 'मांडले' म्हणजे हे. पुढे चर्चेला यायचं तर सोडतीत नंबर लागायला हवा. सतराव्या लोकसभेत ७२९ खासगी विधेयकं मांडली गेली, चर्चा झाली दोनांवर. स्वातंत्र्यानंतर आजवर अशी १४ विधेयकं कायदा झाली, त्यातलं शेवटचं १९७० मध्ये. लोकसभा विसर्जित झाली की तिथे पडून असलेली सगळी आपोआप रद्द होतात. म्हणजे सासऱ्यांच्या प्रश्नाचं उत्तर शून्य, आणि ते शून्य आमच्या खासदारांचं नव्हे, सगळ्यांचंच आहे.

मग ही विधेयकं बघायचीच कशाला? मलाही आधी तसंच वाटलं होतं. मग एका रविवारी नऊच्या नऊ मसुदे वाचून काढले. फार मोठे नसतात, बहुतेक तीन-चार पानं. शेवटी 'उद्देश आणि कारणे' असतात आणि सरकारी तिजोरीतून पैसा लागणार असेल तर त्यापुढे वित्तीय ज्ञापन, म्हणजे खर्चाचा अंदाज. माझ्या सवयीप्रमाणे मी आधी तेच उघडलं. दोन अगदी वेगळ्या विषयांच्या विधेयकांत वर्षाचा खर्च सारखाच निघाला, 'सुमारे पाचशे कोटी'. एकात शेतीचा विषय, दुसऱ्यात ज्येष्ठ नागरिकांचा. अंदाज कुणी, कसा केला, याचा एका ओळीचाही पत्ता नाही. आणखी दोन विधेयकं मागच्या लोकसभेतलीच होती, फक्त साल बदललेलं. पण उरलेल्यांतलं एक मनापासून केलेलं होतं. त्यातल्या व्याख्या नीट, अपवाद विचार करून घातलेले, आणि दंड कुणाला, किती, हे स्पष्ट. नऊपैकी एक तरी खासदारांनी किंवा त्यांच्या माणसांनी घाम गाळून लिहिलं, हे आकड्यावरून कधीच दिसलं नसतं.

आणि पडून राहिलेलं विधेयक अगदीच वाया जातं असं नाही. तिरुची शिवा यांचं तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचं खासगी विधेयक राज्यसभेने २०१५ मध्ये मंजूर केलं. ते लोकसभेत अडकलं, पण सरकारला स्वतःचं विधेयक आणावं लागलं आणि २०१९ मध्ये कायदा झाला. तो कायदा शिवांच्या मसुद्यापेक्षा पातळ आहे ही तक्रार वेगळी.

मतदानाची नोंद शोधण्यात माझे तीन आठवडे फुकट गेले, तुमचे जाऊ नयेत म्हणून सांगते. आपल्याकडे बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. कोण 'हो' म्हणालं, कोण 'नाही', याची नावानिशी नोंद राहत नाही. मतविभागणी, म्हणजे मतं मोजून नोंदवणं, झाली तरच नावं मिळतात. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागतं, त्यामुळे तिथे हमखास मिळतात. महिला आरक्षणाच्या विधेयकावर २० सप्टेंबर २०२३ ला लोकसभेत ४५४ विरुद्ध २ असं मतदान झालं, ते तुम्ही नावानिशी वाचू शकता. पण पक्षादेश (व्हिप) निघाला असेल तर त्याविरुद्ध मत देणाऱ्याची खासदारकी जाऊ शकते, १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने. मग त्या मतावरून माणसाबद्दल काय कळणार? पक्षाबद्दल कळेल. माझ्या एक्सेलमधला 'मतदान' हा रकाना मी पुसून टाकला.

चर्चेतल्या सहभागाचा आकडाही सरसकट घेऊ नका. यादीत प्रत्येक नोंदीशेजारी प्रकार लिहिलेला असतो, तो वाचा. अर्थसंकल्पावरचं वीस मिनिटांचं भाषण ही एक नोंद आणि नियम ३७७ खाली मांडलेला मतदारसंघातला मुद्दा हीसुद्धा एकच नोंद. हा दुसरा प्रकार पुष्कळदा तोंडी बोललाही जात नाही, कागद पटलावर ठेवला जातो. शिवाय बोलायला वेळ मिळतो तो पक्षाच्या संख्याबळावर. छोट्या पक्षाचा खासदार दोन मिनिटांत घाईघाईने संपवतो आणि घंटा वाजते.

आता खऱ्या मुद्द्यावर येते. आठ महिन्यांत मला सगळ्यांत जास्त मिळालं ते अतारांकित प्रश्नांत.

तारांकित प्रश्नांची मजा सगळ्यांना माहीत असते, मंत्री उभे राहून उत्तर देतात, उपप्रश्न होतात. पण दिवसाच्या यादीत ते २० असतात आणि त्यांतले मोजकेच तोंडी होतात. अतारांकित प्रश्न लोकसभेत दिवसाला २३० पर्यंत असतात आणि उत्तर लेखी येतं. टीव्हीवर दिसत नाहीत म्हणून कुणी वाचत नाही. आमच्या खासदारांचे तीनशेच्या वर प्रश्न, त्यांतले बहुतेक हेच. मी मागून पुढे वाचत गेले. पुष्कळ प्रश्नांवर आणखी चार-पाच खासदारांची नावं होती, म्हणजे एकसारखे प्रश्न एकत्र केलेले, आणि जमा मात्र प्रत्येकाच्या खात्यात एक. काही प्रश्न असे की त्यांचं उत्तर मंत्रालयाच्या साइटवर आधीच आहे. पण साधारण दर दहा-बाराव्या प्रश्नात आमच्या भागाचं काहीतरी नेमकं निघायचं.

त्यातला एक रेल्वे फाटकावरच्या उड्डाणपुलाचा होता. या फाटकात मी रोज अडकते. प्रश्नाचे पाच भाग: (क) काम मंजूर कधी झालं, (ख) खर्च किती धरला, (ग) आजवर किती झाला, (घ) उशिराचं कारण काय, (ङ) पूर्ण कधी होणार. विचारणाऱ्याने विचार करून विचारला होता, पळवाट ठेवली नव्हती. उत्तरात (क) आणि (ख) ला आकडे, मग 'राज्य सरकारशी समन्वय' वगैरे अर्धं पान, आणि (ग) ते (ङ) ला एकच ओळ: माहिती गोळा केली जात असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल.

मी पीडीएफ बंद करणार होते. पण 'ठेवण्यात येईल' म्हणजे कधी, हे कुतूहल राहिलं, आणि ते शोधता शोधता एक भलतीच खोली उघडली. मंत्र्यांनी सभागृहात असं काही म्हटलं की ते 'आश्वासन' ठरतं. कुठल्या शब्दरचना आश्वासन धरायच्या याची ठरलेली यादी आहे, 'विचाराधीन आहे' हेसुद्धा त्यात येतं. लोकसभेत शासकीय आश्वासनांची समिती १९५३ पासून आहे. आश्वासन तीन महिन्यांत पुरं करायचं असतं, जमलं नाही तर मंत्रालयाने समितीकडे मुदत मागायची, किंवा ते वगळा अशी विनंती करायची. या समितीचे अहवाल कुणीही वाचू शकतं. शाळेत नागरिकशास्त्रात हे कधी शिकवलं असेल तर मी त्या दिवशी गैरहजर असणार.

तेव्हापासून माझी एक्सेल बदलली. आता रकाने असे: प्रश्न क्रमांक, तारीख, आश्वासन आहे का, पुरं झालं का, आणि शेवटचा, माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा, 'खासदारांनी पुन्हा विचारलं का?' प्रश्न एकदा विचारणं सोपं असतं, सहायकही लिहून देतो. अर्धवट उत्तर आलं की पुढच्या अधिवेशनात तोच धागा धरून दुसरा प्रश्न टाकणं, तिथे माणूस कळतो. आमच्या खासदारांनी तीनशेवर प्रश्नांत असा पाठपुरावा अकरा वेळा केलाय. हा आकडा कुठल्याही साइटवर मिळणार नाही, वाचूनच काढावा लागतो.

खासदार निधीवर थोडक्यात. वर्षाला ५ कोटी, पण खासदार फक्त काम सुचवतात, मंजुरी आणि खर्च जिल्हा प्रशासनाचा. म्हणून 'निधी पडून' ही बातमी वाचताना सुचवलेलं, मंजूर झालेलं आणि खर्च झालेलं हे तीन आकडे वेगळे बघा. मी एका कार्यालयात एका व्यायामशाळेच्या कामाची फाइल बघायला गेले होते. तीन टेबलं फिरले, चौथ्या टेबलावर 'माहितीच्या अधिकारात अर्ज करा' असं ऐकून परत आले. अर्ज केला, उत्तर वेळेत आलं, कागद नीट होते. पहिल्या तीन टेबलांवर हे का सांगितलं नाही, कोण जाणे.

मायनेतावर निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रातली माहिती आहे. दोन निवडणुकांमधला मालमत्तेचा फरक बघायला ती उत्तम, रोजच्या कामाबद्दल मात्र तिथून काही कळत नाही.

गैरसोयी म्हणाल तर बऱ्याच आहेत. उत्तरं इंग्रजी-हिंदीत, मराठीत नाहीत. सासऱ्यांना मीच वाचून दाखवते. काही जुन्या पीडीएफ स्कॅन केलेल्या, त्यांत शब्द शोधता येत नाही. स्थायी समित्यांत खासदार काय बोलतात ते कळतच नाही, कारण बैठका बंद दाराआड होतात. अहवालांच्या मागे जोडलेल्या कार्यवृत्तात उपस्थितांची नावं तेवढी मिळतात. फोनवर हे काम करू नका, डोळे जातील.

कुणाला सुरुवात करायची असेल तर एकच विषय धरा. तुमचं फाटक, तुमचं धरण, तुमच्या पिकाचा हमीभाव. त्या विषयावरचे आपल्या खासदारांचे प्रश्न शोधा आणि उत्तराची शेवटची ओळ आधी वाचा.

माझ्या उड्डाणपुलाच्या रकान्यात 'पुरं झालं का' समोर अजून 'नाही' आहे. खासदारांच्या कार्यालयाला प्रश्न क्रमांक घालून पत्र पाठवलं होतं, पोच आली, बाकी काही नाही. बजेट अधिवेशनात त्याच फाटकावर पुन्हा प्रश्न आला, आमच्या नव्हे, शेजारच्या मतदारसंघाच्या खासदारांकडून. या वेळी (ग) ला आकडा होता. (ङ) ला तीच ओळ. त्याची प्रिंट काढून सासऱ्यांनी फ्रिजवर लावली आहे, वर तारीख घालून.