दोन फुटी हँडल आणि आठ किलोला तुटलेला स्टड

चिपळूणच्या २२ जुलै २०२१ च्या पुरात आमची मारुती आठशे काचेपर्यंत बुडाली होती. इंजिन तेव्हाच उघडून धुतलं, वायरिंग बदललं, गाडी सुरू झाली आणि आम्ही नारळ फोडून मोकळे झालो. गाळाचं पाणी कुठल्या कुठल्या आट्यांत जाऊन बसलं होतं, ते आता कळतंय.

झालं असं, की रोज सकाळी गाडी सुरू केली की टक टक टक आवाज यायचा आणि इंजिन तापलं की गायब व्हायचा. बाबा एसटीच्या आगारात मेकॅनिक होते. ओट्यावर चहा पितापिता त्यांनी निकाल दिला, "मॅनिफोल्डचं पॅकिंग गेलंय." मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा नळ. खाली वाकून बघितलं तर हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, काजळीची रेघ उमटलेली. बाजारात पॅकिंग स्वस्त मिळतं. महाग पडतं ते तिथपर्यंत पोचणं. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, दिवाळीची सुट्टी होती, म्हटलं घरीच करू. त्या आठवड्यात जी हत्यारं विकत घेतली त्यांचा हा हिशेब. मुख्य परीक्षण दोन फुटी हँडलचं, बाकीची ओघाने येतील.

पहिला पैसा वाया गेला तो ऑनलाइन मागवलेल्या ४६ नगांच्या गोट्यांच्या (नटावर बसणाऱ्या सॉकेटच्या) संचावर. किंमत १,०९९ रुपये. नाव लिहीत नाही, कारण अगदी हीच निळी पेटी मला नंतर पाच वेगवेगळ्या नावांनी दिसली. पेटी सुंदर, प्रत्येक गोटीला आपापला खड्डा. सोबत पाव इंची रॅचेट, म्हणजे आत दात असलेलं, गोटी न काढता नट फिरवणारं हँडल. मॅनिफोल्डवरच्या पत्र्याचे १० चे (मुंडीची रुंदी, मिलिमीटरमध्ये) बोल्ट त्याने निमूट काढले. १२ च्या तिसऱ्या नटाला रॅचेटच्या पोटात काहीतरी कुरकुरलं, दात घसरले आणि माझी मूठ रेडिएटरच्या कडेवर आपटली. दोन बोटांची सालं गेली. पाव इंची रॅचेट नाजूक कामाचं असतं, हे मला कळायला हवं होतं, तेवढी चूक माझी. पण एका दमात दात सोडणारं रॅचेट नाजूक कामालाही काय उपयोगाचं? आता ती पेटी मिक्सर आणि शिवणयंत्र उघडायला वापरते.

मग बाबांचा जुना रिंग पाना लावला. तो बारा कोनी. गंजाने नट खाल्ला की १२ चा नट पुरता १२ चा राहत नाही आणि बारा कोनी पाना त्याला फक्त कोपऱ्यांच्या टोकांशी धरतो. जोर वाढला की कोपरे सोलले जातात. एका नटाची मुंडी अशी गोलसर झाल्यावर बाबा म्हणाले, "थांब गो, त्याचा सुपारीसारखा गोळा करशील. सहा कोनी गोटी आण."

बाजारात हत्यारांच्या दुकानात गेले आणि "ब्रेकर बार द्या" म्हणाले. दुकानदाराने दोन क्षण माझ्याकडे बघितलं. "ताई, मुंडी हलणारा हँडल ना? की टी हवाय?" हो, तोच, मुंडी हलणारा. अर्धा इंच ड्राइव्ह, लांबी २४ इंच, ८५० रुपये. सोबत १२ आणि १९ ची सहा कोनी गोटी टपारियाची घेतली, नाशिकची कंपनी. गोटी घेताना आत डोकावून कोपरे मोजा, एवढं एकच सांगते. सहा असतील तर भिंती नटाच्या सपाट बाजूला टेकतात आणि जोर कोपऱ्यावर न येता बाजूवर पडतो. माझा गोलसर झालेला नटही हातोडीने ठोकून बसवलेल्या त्या गोटीने सुटला. दोन्ही गोट्यांना माझ्याकडून पूर्ण गुण, पुढे काही बोलायचं नाही.

आता हँडल. मुठीवर खरबरीत कात्रे आहेत, तेलकट हातातून निसटत नाही. मुंडीचा पिन घट्ट आहे, नवीन असताना जरा जास्तच, थेंबभर तेल टाकून आठ-दहा वेळा हलवावा लागला. वजन भरपूर, पायावर पडला तर स्वतःच गाडीखाली जावं लागणार नाही, थेट दवाखान्यात. रॅचेट यात नाही, त्यामुळे प्रत्येक पाव फेऱ्याला गोटी काढून पुन्हा लावायची. ही उणीव नाही, उलट म्हणूनच तो टिकतो. आत मोडायला दातच नाहीत.

पहिली चाचणी चाकावर घेतली. टायरवाल्याने हवेच्या गनने नट असे कसले होते, की गाडीबरोबरच्या एल पान्यावर उभी राहिले तरी ढिम्म. घरात बॅगा मोजायचा हुक असलेला काटा आहे, भाऊ मुंबईहून विमानाने जातो त्याचा. तो हँडलला मुंडीपासून ५५ सेंटिमीटरवर अडकवला आणि काट्याला धरून काटकोनात ओढलं. चाक अर्थात जमिनीवरच, जॅक लावायच्या आधी. २१ किलोला नट टक् करून सुटला. म्हणजे साडेअकरा किलोग्रॅम-मीटर, न्यूटन-मीटरमध्ये ११३ च्या आसपास. एल पान्याचा दांडा पाऊण फुटाचा, त्यावर ह्याच कामाला ५० किलो लागले असते, तेही नीट टोकावर. मी वर उभी राहून जवळपास तेवढंच वजन दिलं होतं, पण पाय टोकावर कुठे टिकतो? चारही चाकं दहा मिनिटांत झाली. इतका आनंद झाला, की तोच हँडल घेऊन मी मॅनिफोल्डकडे वळले.

इथे पाय घसरला. खालच्या ओळीतला कोपऱ्यातला नट लहान गोटी-हँडलने हलत नव्हता. एक्स्टेन्शन घातलं, दोन फुटी हँडल लावला, काटाही लावला. पाच किलो. सहा. बाबा ओट्यावरून म्हणाले, "मऊ लागतंय का गो?" मी म्हटलं, "हो, हलतोय!" ते उठेपर्यंत काट्याने आठ दाखवलं आणि हँडल हातात अलगद फिरला. आवाजसुद्धा झाला नाही. गोटीत नट होता आणि नटात स्टडचा, म्हणजे हेडमध्ये बसवलेल्या आट्यांच्या दांड्याचा, तुकडा.

आठ किलो म्हणजे मोठी तांदळाची पिशवी. ५५ सेंटिमीटरवर त्याचे ४.४ किलोग्रॅम-मीटर होतात. असले ८ मिलिमीटर जाडीच्या स्टडवरचे नट साधारण दोन-अडीच किलोग्रॅम-मीटरला आवळतात. गंजून बारीक झालेल्या, वर्षानुवर्षं तापून थंड झालेल्या स्टडला मी त्याच्या जवळपास दुप्पट जोर दिला, आणि हाताला तर काहीच जाणवलं नाही. लांब दांड्याची खोच हीच. तुमचा जोर वाढतो आणि तुमची जाणीव कमी होते. बाबा मग म्हणाले, "सुटणारा टक् म्हणतो. तुटणारा आधी मऊ होतो." हे वाक्य हँडलच्या पाकिटावर छापायला हवं. तिथे काय छापलंय? तर हसणाऱ्या माणसाचं चित्र.

राहिलेले दोन नट मग बाबांच्या पद्धतीने काढले. आधी तेल. डब्ल्यूडी-४० घरात होतं. १९५३ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोला ते बनलं ते पाणी हटवायला, गंज होऊ नये म्हणून. चाळिसावं मिश्रण जमलं, म्हणून नावात चाळीस. गंज आधीच धरलेला नट सोडवणं हा त्याचा जोडधंदा, आणि खास जाम नटासाठी त्याच कंपनीचा वेगळा डबा मिळतो. तो आणला. शिवाय स्टीअरिंगचं लाल तेल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं करून बघितलं. ते बाटलीत वेगळं होऊन बसतं, दर वेळी हलवावं लागतं, अंगणभर नेलपॉलिशचा वास, आणि गाडीच्या रंगावर सांडलं तर रंग गेला. एका नटाला हे, एका नटाला ते. दोन्ही सुटले. दोन नटांवरून मी निष्कर्ष काढला तर माझेच विद्यार्थी हसतील. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी होती: सकाळ-संध्याकाळ तेल, मध्ये हातोडीने मुंडीवर बेताच्या टिचक्या, असे दोन दिवस. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा खातो, म्हणून तो आट्यांत पाचर मारल्यासारखा बसतो. टिचक्यांनी त्याला तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. माझ्या मते अर्धं श्रेय हातोडीला द्यायला हवं, पण हातोडीची जाहिरात कोण करतो?

सोडवतानाही आधी केसभर आवळायचा, मग सोडायचा, पाव फेरा पुढे, थोडा मागे. शेवटच्या नटाला फूटभर लांबीच्या टी हँडलवर अस्सा टक् आवाज आला, दाढेखाली खडीसाखर फुटावी तसा.

तुटलेल्या स्टडचं काय केलं, तेही विचाराल. मॅनिफोल्ड बाहेर काढल्यावर हेडमधून बोटाच्या पेराएवढा तुकडा वर राहिला होता, हे नशीब. हेड ॲल्युमिनियमचं, स्टड पोलादाचा. तापवलं की ॲल्युमिनियम जवळजवळ दुप्पट फुगतं आणि पकड सैल होते. बॅटरीची वायर काढली, पेट्रोलचे पाइप लांब केले, स्प्रेचा मागमूस पुसून काढला (तो पेट घेतो, आधी फवारा आणि मग आग हे कधीच नाही), शेजारी वाळूची बादली, आणि छोट्या गॅसच्या बर्नरने स्टडभोवतीचं हेड फिरवत फिरवत तापवलं. एका जागी धरायचं नाही. ॲल्युमिनियम लाल होऊन सावध करत नाही, शुद्ध असलं तर ६६० अंशांना सरळ वितळतं, आणि हेडचा मिश्रधातू त्याच्याही आधी. मग पुरानंतर अंधारातल्या रात्री उरलेली अर्धी मेणबत्ती स्टडच्या मुळाशी टेकवली. मेण वितळलं आणि आट्यांत शोषलं गेलं, वातीत तेल चढतं तसंच. व्हाइस ग्रिपने, म्हणजे दाबून अडकून राहणाऱ्या पकडीने, तुकडा पकडला. तिसऱ्या वेळी तापवल्यावर तो कुरकुरत फिरला. बाबा काही बोलले नाहीत, आत जाऊन अजून एक चहा टाकला.

नवे स्टड, नवे नट, आट्यांना तांब्याची पेस्ट, नवं पॅकिंग. टक टक गेली.

दोन फुटी हँडलला मी पाचपैकी साडेचार देते. चाकाचे नट, सस्पेन्शनचे जाड बोल्ट, यासाठी घरात असायलाच हवा, आणि ८५० रुपयांत याहून कामाचं हत्यार माझ्याकडे दुसरं नाही. १४ च्या खालच्या कुठल्याही मुंडीला मात्र मी तो पुन्हा लावणार नाही. अर्धा गुण पाकिटावरच्या हसऱ्या माणसामुळे कापलाय. जाम नटाच्या स्प्रेला चार, किंमत जरा जास्तच वाटली. निळ्या पेटीला एक, तोही खड्ड्यांच्या नीटनेटकेपणाबद्दल.

बॅगेचा काटा मी अजून भावाला परत केलेला नाही. हुकाला ग्रीस लागलंय आणि त्याच्या बॅगा पांढऱ्या आहेत.